लॅपटॉप सुरू होत नाही म्हणजे हिशोब बुडाला असं नाही

मी भोसरीहून बोलतेय. आमच्या भागात पापड-मसाला करणारे, शिवणकाम करणारे, एमआयडीसीतल्या कारखान्यांचं जॉबवर्क घरी आणणारे बचत गट आहेत. त्यांची मी समन्वयक. ऐकणाऱ्यांपैकी कुणी खेडच्या असाल, कुणी आंबेगाव-जुन्नरच्या, कुणी मावळातल्या. तुमच्या गटाकडे अजून लॅपटॉप नसेल तरी आजचं बोलणं ऐका. कारण आज ना उद्या तो येणार आहे, आणि आला की एखाद्या दिवशी तो सुरू होणार नाही. त्या दिवशी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, एवढंच आज सांगणार आहे. कागद-पेन जवळ असेल तर घ्या.

आधी आमच्या एका गटाची गोष्ट. म्हणजे खरं तर माझ्या चुकीची गोष्ट.

या गटाने वापरलेला लॅपटॉप विकत घेतला. त्यावर विंडोज १० होतं. गटाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, त्यामुळे ते काढून टाकता येईना. पण लॅपटॉप जुना, त्यावर विंडोज ११ बसत नव्हतं. आणि विंडोज १० ला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट देणं कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केलं. गटातल्या एका काकूंचा मुलगा डिप्लोमाला आहे. तो म्हणाला, "ताई, हिशोब विंडोजवर ठेवा आणि इंटरनेटचं, टायपिंगचं काम उबुंटूवर करा. फुकट आहे. दोन्ही एकाच लॅपटॉपवर राहतात." एका रविवारी बसून त्याने ते करूनही दिलं.

उबुंटू हे लिनक्स घराण्यातलं. लिनक्स १९९१ पासून आहे आणि जगभरातले लोक मिळून ते सांभाळतात. आपल्याकडेही, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने लिनक्सवरच 'बॉस' नावाची भारतीय सिस्टिम तयार केली आहे. तेव्हा लिनक्स म्हणजे काही तरी चोरीचं, कामचलाऊ असतं असं समजू नका.

आता एका लॅपटॉपवर दोन सिस्टिम म्हणजे काय? एका वाड्यात दोन चुली समजा. दोघी जावा, दोघींच्या खोल्या वेगळ्या, सामान वेगळं, पण वाड्याचं दार एकच. त्या दारात एक राखणदार बसवलेला असतो. त्याचं नाव ग्रब. लॅपटॉप चालू केला की तो यादी दाखवतो आणि विचारतो, कुणाकडे जायचंय? उबुंटूकडे की विंडोजकडे? आपण बाणाचं बटण खाली-वर करून एक नाव निवडायचं आणि एंटर दाबायचं. काही सेकंदांत आपण काहीच बोललो नाही, तर तो बहुतेक वेळा पहिल्या नावाच्या घरात नेऊन सोडतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हा राखणदार बसतो दारात, पण त्याची वही असते उबुंटूच्या खोलीत. माझी चूक नेमकी इथेच झाली.

लॅपटॉपवर सारखा मेसेज यायचा की डी ड्राइव्ह भरत आलाय. मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला आणि विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथे एक मोठा भाग दिसला. त्याला ना नाव, ना सी-डी असं अक्षर. मला वाटलं, रिकामी जागा उगाच पडून आहे. मी तो भाग डिलीट केला आणि जागा डी ड्राइव्हला जोडून दिली. तो भाग म्हणजेच उबुंटूची खोली होती. विंडोजला ती खोली दिसते, पण आत कोण राहतं ते वाचता येत नाही, म्हणून नाव दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सगळं नीट चाललं होतं. दुसऱ्या दिवशी गुरुवार, आमच्याकडे एमआयडीसीला सुट्टी, म्हणून गटाची बैठक. सगळ्यांसमोर लॅपटॉप चालू केला. काळा पडदा. वर इंग्रजीत चार अक्षरं, जी, आर, यू, बी, आणि पुढे लुकलुकणारी रेघ. बस. बंद केला, परत चालू केला. तेच.

सोमवारी कर्जाच्या कामासाठी बँकेचे साहेब गटाचा सहा महिन्यांचा हिशोब बघायला येणार होते. आणि मैत्रिणींनो, मला सांगायला लाज वाटते, लॅपटॉप आल्यापासून चार महिने आम्ही सभासदांची पासबुकं हाताने भरणं बंद केलं होतं. "आता कॉम्प्युटरवर आहे ना, दोनदा कशाला लिहायचं?" असं मीच म्हणाले होते. त्या चार महिन्यांत कुणी किती बचत भरली, कुणाचा किती हप्ता फिटला, हे फक्त त्या काळ्या पडद्यामागे होतं.

गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरी, माझं पैसं त्या डब्यातच होतं का?"

मी म्हटलं, "नाही आजी, पैसे बँकेत आहेत." त्या म्हणाल्या, "बँकेत आहेत ते समद्यांचे. त्यातलं माझं किती, ते कुठं लिवलंय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी लॅपटॉप उचलला आणि दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने एकदा चालू करून बघितला आणि म्हणाला, "विंडोज उडालंय. फॉर्मॅट मारावा लागेल. दीड हजार. संध्याकाळी घेऊन जा." मी पाकीट काढलंसुद्धा. मग सहज विचारलं, "आतलं सगळं राहील ना?" तो म्हणाला, "फॉर्मॅट म्हटल्यावर काय राहतंय ताई?"

मी लॅपटॉप परत बगलेत मारला. दुकानदाराला बोल लावत नाही मी. आत आपलं काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. ते आपल्यालाच सांगावं लागतं आणि आपल्यालाच विचारावं लागतं.

काकूंच्या मुलाला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, काल त्याच्यावर शेवटचं काय केलंत?" मी म्हटलं, "काही नाही रे." तो हसला. "ताई, सगळे हेच म्हणतात." मग मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काही बुडालं नाही विंडोजमधलं. राखणदाराची वही गेलीय, म्हणून तो दारात अडून बसलाय. आपण त्याला बाजूला ठेवून आत जाऊ."

त्याने फोनवर सांगितलं आणि मी केलं. लॅपटॉप पूर्ण बंद. मग चालू करायचं बटण दाबल्याबरोबर एफ १२ हे बटण टकटक दाबत राहायचं. एक छोटी यादी आली. तिच्यात 'विंडोज बूट मॅनेजर' असं नाव होतं. ते निवडून एंटर. दोन मिनिटांत विंडोज उघडलं. डी ड्राइव्ह उघडला. हिशोब होता तसा होता. आजींची बचत, शेवटच्या महिन्यापर्यंत.

रुपयाही खर्च झाला नाही. पण सगळंच वाचलं असंही नाही. बैठकींचं इतिवृत्त आम्ही उबुंटूवर टाइप करत होतो. दोन महिन्यांचं इतिवृत्त त्या खोलीबरोबर गेलं. नुसती खोली डिलीट झाली असती आणि त्या जागेवर काही केलं नसतं, तर जाणकाराला ती परत मिळवता आली असती. मी ती जागा लगेच डी ड्राइव्हला जोडली होती, त्यामुळे आशा उरली नाही. ते इतिवृत्त आम्ही सगळ्यांनी बसून, आठवून, परत लिहिलं.

तेव्हा आजची पहिली गोष्ट पक्की करा. लॅपटॉप सुरू न होणं ही एक गोष्ट आणि आतला हिशोब जाणं ही दुसरी. दार अडकलं म्हणून घरातलं सामान जळत नाही. सामान जातं ते घाईने केलेल्या दुरुस्तीत.

आता असा प्रसंग तुमच्यावर आला तर काय करायचं, ते क्रमाने सांगते.

पहिलं, गाडी कुठे अडली ते बघा. बटण दाबल्यावर दिवाच लागत नसेल, पंख्याचा आवाज नसेल, तर सिस्टिमशी त्याचा संबंध नाही. चार्जर, पिन, बोर्डाचं बटण तपासा. चार्जर काढून चालू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरा, सोडा, चार्जर लावा, परत चालू करा. पुष्कळदा एवढ्यानेच होतं. दिवा लागतो, कंपनीचं नाव येतं आणि तिथेच थांबतं, तर लावलेला पेनड्राइव्ह, प्रिंटर, डोंगल सगळं काढा. कधी कधी लॅपटॉप त्या पेनड्राइव्हमध्येच सिस्टिम शोधत बसलेला असतो.

दुसरं, पडद्यावर जे अक्षर येईल त्याचा मोबाइलवर फोटो काढा. इंग्रजी कळत नसेल तरी काढा. डॉक्टरकडे जाताना आपण तापाचा आकडा सांगतो ना, तसा हा फोटो. तो असेल तर जाणकार माणूस फोनवरही मदत करू शकतो. नुसतं 'चालू होत नाही' म्हटलं तर कुणीच काही सांगू शकत नाही.

तिसरं, शेवटचं काय केलं होतं ते खरं सांगा. अपडेट झालं का? मध्येच लाइट गेली का? मुलांनी काही टाकलं का? काही डिलीट केलं का? इथे लाजू नका. मी लाजले असते तर फॉर्मॅट झाला असता.

चौथं, ती दाराची यादी उघडायला शिका. चालू करताना टकटक दाबायचं बटण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९, आसूसला एस्केप. आपल्या लॅपटॉपचं बटण कोणतं ते आजच, सगळं नीट चालू असताना, करून बघा आणि कागदावर लिहून झाकणाला चिकटवा.

आता नेहमी घडणारे काही प्रसंग.

एक. यादी दिसतच नाही, लॅपटॉप सरळ विंडोजमध्ये जातो आणि उबुंटू गायब. मोठ्या अपडेटनंतर असं होऊ शकतं. उबुंटू गेलेलं नसतं, दारातला क्रम बदललेला असतो. तीच एफ १२ ची यादी उघडा, त्यात उबुंटू निवडा. उघडलं तर मग लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाणकाराकडून उबुंटूचा नंबर पहिला करून घ्या.

दोन. याच्या उलट. एक ताई माझ्याकडे रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "माझं विंडोज पळालं, सगळं वेगळंच दिसतंय." काहीच बिघडलं नव्हतं. चालू करून त्या चहा ठेवायला गेल्या, राखणदार वाट बघून कंटाळला आणि त्याने उबुंटूत नेऊन सोडलं. रीस्टार्ट करा, यादी येईपर्यंत समोर बसा, विंडोज निवडा.

तीन. उबुंटू उघडतं, पण तिथून डी ड्राइव्हमधल्या फाइलमध्ये काही लिहू देत नाही, फक्त बघू देतं. याचं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. आपण शटडाउन म्हणतो, पण विंडोज पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवतं, आणि त्याचं काम अर्धवट आहे म्हणून उबुंटू त्याच्या सामानाला हात लावत नाही. हा समजूतदारपणाच आहे. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. तोपर्यंत उबुंटूकडे जाताना शटडाउन न करता रीस्टार्ट करा.

चार. घड्याळ. उबुंटूतून विंडोजमध्ये आलं की वेळ बरोबर साडेपाच तास मागे. सकाळचे साडेदहा वाजलेत आणि लॅपटॉप म्हणतो पहाटेचे पाच. भूतबाधा नाही ही. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात उबुंटू जागतिक वेळ ठेवतं, आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तेवढाच फरक. दिसायला किरकोळ, पण पहाटे पाचच्या आत काही नोंद केली किंवा उशिरापर्यंत काम केलं तर तारीखच बदलते आणि पावतीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. उबुंटूमध्ये एका ओळीच्या आज्ञेने हे कायमचं मिटतं. जाणकाराला 'दोन्हींचं घड्याळ एक कर' एवढं सांगा.

पाच. कधी कधी चूक आपली नसतेच. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक सुरक्षा अपडेट आला. दोन सिस्टिम असलेल्या लॅपटॉपवर त्यातला एक नियम लागू होऊ नये अशी योजना होती. पण काही लॅपटॉपवर लिनक्स आहे हे त्या अपडेटला ओळखता आलं नाही. तिथे लिनक्स सुरू होईना आणि पडद्यावर काही तरी गंभीर चुकलं आहे असं इंग्रजीत यायचं. वाचूनच घाबरायला होईल. पण त्या लोकांच्या फाइली जागच्या जागी होत्या. 'सिक्युअर बूट' नावाचं सेटिंग थोडा वेळ बंद करून, तो नियम पुसून, सेटिंग परत चालू केलं की काम झालं. सप्टेंबर २०२४ पासूनच्या अपडेटमधून तो नियम काढून टाकला गेला.

आता इथे एक धोक्याची सूचना, नीट ऐका. पुष्कळ लॅपटॉपवर बिटलॉकर नावाचं कुलूप असतं, नव्यांवर तर ते आपोआपही लागलेलं असतं. सिक्युअर बूटसारखं सेटिंग बदललं की निळा पडदा येतो आणि अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतो. ती नसेल तर मात्र खरंच आतलं मिळत नाही, कुणालाच. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात ती किल्ली बहुधा ठेवलेली असते. म्हणून कोणत्याही सेटिंगला हात लावण्याआधी ती किल्ली कागदावर उतरवून घ्या. आणि लॅपटॉप गटाचा असेल तर ते खातं कुणा एकीच्या भाच्याच्या नावावर नको, गटाच्या नावाचं हवं.

सहा. काहीच उघडत नाही, यादीसुद्धा कामाला येत नाही. तेव्हाही फॉर्मॅट शेवटी. आधी उबुंटूचा पेनड्राइव्ह लावून 'ट्राय उबुंटू' निवडायचं, म्हणजे 'नुसतं वापरून बघा'. 'इन्स्टॉल' दाबायचं नाही. लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून चालतो, आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. डिस्क चांगली असेल आणि तिला कुलूप नसेल, तर फाइली दिसतात. त्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घ्यायच्या. मग खुशाल दुरुस्ती करा. पण डिस्कमधून कट्‌कट् आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका, बंद ठेवा आणि जाणकाराकडे द्या.

दुकानात द्यायची वेळ आली तर बोलायचं वाक्य पाठ करा. "आधी आतला डेटा दुसरीकडे काढून दाखवा, मी उघडून बघते, मग फॉर्मॅटचं बोलू." काढून देण्याचे वेगळे पैसे पडतील. द्या. चार महिन्यांच्या विश्वासापेक्षा ते जास्त नाहीत.

सोमवारी बँकेचे साहेब आले, हिशोब दाखवला, काम पुढे सरकलं. पण आमच्या गटात त्या दिवसापासून काही गोष्टी बदलल्या. पासबुकं पुन्हा हाताने भरतो, बैठकीतच, सभासदासमोर, सहीसकट. दर बैठकीनंतर हिशोबाची फाइल दोन पेनड्राइव्हवर निघते. एक अध्यक्षांकडे, एक सचिवांकडे. रोकड पेटीचं जसं आपण करतो, पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीकडे, तसंच. तिसरा पेनड्राइव्ह उबुंटूचा, अडीअडचणीला लागणारा, तो पेटीत. बिटलॉकरची किल्ली लिहिलेला कागदही पेटीत. आणि डिस्क मॅनेजमेंट कुणी एकटीने उघडायचं नाही, असा ठराव झाला. तो ठराव मीच मांडला.

उबुंटू परत टाकून घेतलं आम्ही. या वेळी काकूंच्या मुलाने केलं नाही, आम्ही तिघींनी केलं, तो नुसता शेजारी बसला होता. आजी बघत होत्या. झाल्यावर त्यांनी आपलं पासबुक पुढे केलं आणि म्हणाल्या, "त्यात झालं ना, आता ह्यात लिही."

मी लिहिलं. तुम्हीही लिहीत जा.